सव्वा कोटींचा प्रश्न

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सर्दीतापामुळे नात शाळेतून घरी राहिली होती आणि तिच्या सोबतीला मी. बुधवार होता. दुपारी बारा वाजता टीव्हीवर हाऊस ऑफ कॉमन्समध्ये पंतप्रधानांना प्रश्न विचारायची ती प्रसिद्ध अर्ध्या तासाची बैठक सुरू झाली. मी चाळीस वर्षे इतिहास शिकवला, त्यामुळे हा अर्धा तास मी सहसा चुकवत नाही. ब्लँकेटमध्ये गुरफटलेली नात थोडा वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "आजी, समोरचे लोक ओरडतात ते मला कळतं. पण मागे बसलेले त्यांच्याच पार्टीचे लोक असे गोड गोड प्रश्न का विचारतात? 'पंतप्रधान माझ्याशी सहमत होतील का?' हा काय प्रश्न झाला?"

मी हसले. म्हटले, "बाळा, हे जगात सगळीकडे असंच असतं."

"इंडियात पण? तिथे कुणी स्वतःच्याच सरकारला खरंखुरं अवघड विचारलंच नाही कधी?"

विचारले होते. त्या प्रश्नाशी आमच्या गिरगावातल्या चाळीतल्या दोन खोल्यांचाही संबंध होता. तिला सांगितलेली ती गोष्ट या अंकाच्या निमित्ताने जरा नीट, तारीखवार लिहून काढत आहे.

प्रश्न विचारण्याचा हक्क

आधी थोडी पार्श्वभूमी. मंत्र्याला सभागृहात उभे करून प्रश्न विचारायचा आणि त्याने उत्तर द्यायचे, ही पद्धत आपण इथूनच, म्हणजे ब्रिटनमधून घेतली. इथल्या संसदेतला पहिला नोंदलेला प्रश्न 1721 सालचा, हाऊस ऑफ लॉर्ड्समधला. अर्ल कूपर यांनी सरकारला विचारले होते की, साऊथ सी कंपनीचा मुख्य रोखपाल रॉबर्ट नाइट देश सोडून पळाला आणि ब्रुसेल्समध्ये पकडला गेला, हे खरे का? त्या कंपनीचे शेअर कोसळून हजारो लोक बुडाले होते. म्हणजे पहिला प्रश्नच मुळी लोकांच्या बुडालेल्या पैशांचा होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

हिंदुस्थानात हा हक्क फार हळूहळू, हात आखडून दिला गेला. 1892 साली दादाभाई नौरोजी लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून निवडून आले आणि कॉमन्समध्ये बसून सरकारला प्रश्न विचारू लागले. त्याच वर्षीच्या कायद्याने हिंदुस्थानातल्या कौन्सिलांच्या सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. पण प्रश्न आधी कळवायचा, उत्तर ऐकायचे आणि खाली बसायचे. उत्तरावर चर्चा नाही, पूरक प्रश्नही नाही. 1909 च्या सुधारणांनंतर मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारता येऊ लागला आणि 1919 नंतर इतर सभासदांनाही.

पूरक प्रश्नाला एवढे महत्त्व का? मूळ प्रश्नाचे उत्तर मंत्र्याचे अधिकारी आधीच लिहून ठेवतात. मंत्री ते वाचून दाखवतो. पूरक प्रश्न मात्र आयत्या वेळी येतो. तिथे कागद उपयोगी पडत नाही. मंत्र्याला आपले खाते खरोखर ठाऊक आहे की नाही, तो काही झाकतो आहे का, हे तिथे उघडे पडते. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत कामकाजाचा पहिला तास प्रश्नांसाठी राखला गेला. तोंडी उत्तर हवे असलेले ते तारांकित प्रश्न, लेखी उत्तर पुरेसे असलेले ते अतारांकित. पूरक प्रश्नांची मुभा तारांकितांनाच.

विम्याचा हप्ता

आता आमच्या घराकडे येते. माझ्या आजोबांनी स्वातंत्र्यापूर्वी एका खासगी कंपनीत आयुर्विमा उतरवला होता. कंपनी बुडाली, हप्त्यांच्या पावत्या तेवढ्या ट्रंकेत राहिल्या. कंपनीचे नाव इथे सांगण्यात अर्थ नाही, कारण अशी ती एकटी नव्हती. त्या काळात विमा कंपन्या निघत आणि बुडत. विधवांच्या नावे जमा झालेला पैसा मालक आपल्या दुसऱ्या धंद्यांत फिरवत. त्यामुळे माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, 'विमा' हा शब्द निघाला की विषय बदलत.

6 डिसेंबर 1955 रोजी लोकसभेत विम्याच्या कायद्यातील दुरुस्तीवर चर्चा चालू असताना रायबरेलीचे एक काँग्रेस खासदार उठले. त्यांचे नाव फिरोज गांधी. जन्म 1912 सालचा, मुंबईच्या फोर्टमधला, घराणे पारशी, लहानपण आणि राजकारण अलाहाबादचे. पंतप्रधान नेहरूंचे ते जावई, इंदिराबाईंचे पती. खासदार झाल्यापासून ते जवळजवळ गप्पच होते. त्या दिवशी मात्र त्यांनी कागदपत्रे आणि आकडे पुढे ठेवून रामकृष्ण दालमिया यांच्या ताब्यातल्या भारत इन्शुरन्स कंपनीचा पैसा कसा वळवला गेला ते मांडले. पुढे खटला होऊन दालमियांना तुरुंगवास झाला.

त्या वेळी अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, केंब्रिजमध्ये शिकलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. 19 जानेवारी 1956 रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा धंदा ताब्यात घेतला आणि देशमुखांनी त्याच रात्री ते आकाशवाणीवरून देशाला सांगितले. तो बेत गुप्तपणे शिजत होता, त्याचे श्रेय एकट्या भाषणाला देता येणार नाही. पण फिरोज गांधींनी जमीन तयार केली होती, हे खरे. 1 सप्टेंबर 1956 रोजी आयुर्विमा महामंडळ, म्हणजे आपली एलआयसी, सुरू झाली. देशी-विदेशी मिळून 245 संस्थांचा कारभार एका छत्राखाली आला आणि मुख्य कचेरी मुंबईत झाली. तोवर देशमुख मंत्रिमंडळात राहिले नव्हते. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध त्यांनी राजीनामा दिला होता. त्यांच्या खुर्चीवर टी. टी. कृष्णम्माचारी आले.

अण्णांनी 1957 च्या सुरुवातीला पाच हजारांची पॉलिसी घेतली. वीस वर्षांची. आई म्हणाली, "पुन्हा विमा?" अण्णा म्हणाले, "आता मालक सरकार आहे. सरकार कुठे पळून जाणार आहे?"

सासऱ्यांच्या सरकारला प्रश्न

त्याच वर्षी जून महिन्यात एलआयसीने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. मुंदडांची अवस्था तेव्हा डबघाईची होती. गुंतवणूक कुठे करावी हे सांगण्यासाठी एलआयसीची स्वतःची समिती होती, तिला विचारले गेले नाही. भाव बाजारापेक्षा चढा दिला गेला. आणि हे सगळे अर्थखात्याच्या वरिष्ठांच्या सांगण्यावरून झाले.

सप्टेंबर 1957 मध्ये या गुंतवणुकीबद्दल लोकसभेत पहिला प्रश्न आला. विचारणारे होते बिहारचे डॉ. रामसुभग सिंह आणि फिरोज गांधी, दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे. सरकारचे उत्तर तांत्रिक, निसटते होते. विषय मिटला असे मंत्र्यांना वाटले असेल. नोव्हेंबरमध्ये प्रश्न पुन्हा आला. पुन्हा उत्तर मिळाले, पण त्यातून शंका वाढल्याच. मग 16 डिसेंबर रोजी या विषयावर सभागृहात चर्चा झाली.

फिरोज गांधींनी सुरुवातीलाच अध्यक्षांना बजावले की, आज इथे नेम धरून जोरदार मारा होणार आहे, आणि उलट मारा झेलायची आपली तयारी आहे. त्यांचा मुद्दा सरळ होता. एलआयसी संसदेने निर्माण केली आहे, तेव्हा तिच्यावर नजर ठेवणे हे संसदेचेच काम आहे. शेअरबाजार सावरण्यासाठी खरेदी केली असे म्हणता, मग एकाच माणसाच्या कंपन्या का? आणि भाव चढा का? ते आकडे मांडत गेले आणि प्रत्येक आकड्यातून नवा प्रश्न निघत गेला.

या प्रसंगाची कल्पना करून पाहा. समोर आपल्याच पक्षाचे अर्थमंत्री. त्यांच्याजवळ बसलेले पंतप्रधान, ज्यांचा अर्थमंत्र्यांवर पूर्ण भरवसा. आणि तेच पंतप्रधान आपल्या मुलांचे आजोबा. प्रश्न न विचारण्याची याहून चांगली सबब कुणाकडे असेल? नातीला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग त्या संडेला जेवायला कुठे गेले असतील?" इतिहासाच्या पुस्तकात याचे उत्तर नाही, पण प्रश्न मात्र चांगला आहे.

मुंबईतील सुनावणी

सरकारने चौकशी मान्य केली आणि ती सोपवली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांच्याकडे. जानेवारी 1958 मध्ये मुंबईत सुनावणी सुरू झाली. छगलांनी ठरवले की सगळे कामकाज खुले चालेल. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, स्टेट बँकेचे अध्यक्ष, अर्थसचिव एच. एम. पटेल, एलआयसीचे अधिकारी आणि खुद्द अर्थमंत्री अशा सगळ्यांना साक्ष द्यावी लागली. गर्दी इतकी होऊ लागली की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले.

त्या गर्दीत एक दिवस आमचे अण्णाही होते. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले होते. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. घरी आल्यावर टोपी खुंटीला लावत ते आईला म्हणाले, "अगं, एवढा मोठा साहेब, पण वकिलानं विचारलं की गप्प होत होता." एरवी बँकेत साधा कारकून बोलला तरी अण्णा उभे राहून उत्तर द्यायचे. देशाच्या तिजोरीवर बसलेली माणसे आपल्यासारख्यांच्या पैशांचा हिशेब उघड्यावर देतात, हे त्यांनी त्या दिवशी स्वतःच्या कानांनी ऐकले. रात्री चाळीच्या गॅलरीत तोच विषय होता. ज्यांनी कधी शेअर पाहिला नव्हता ते जोशीकाका-पाटीलमामा जेसप कंपनीच्या भावावर वाद घालत होते.

छगलांनी महिनाभराच्या आत, फेब्रुवारीत, अहवाल दिला. त्याचे सार असे: व्यवहार धंद्याच्या तत्त्वाला धरून नव्हता, तो मुंदडांच्या मदतीसाठी झाला. सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही. सरकारने स्वायत्त महामंडळाच्या कारभारात ढवळाढवळ करू नये आणि करायचीच तर लेखी आदेश द्यावा. आणि एक शिफारस मला सगळ्यात मोलाची वाटते: मंत्र्याने संसदेला पहिल्याच टप्प्यावर विश्वासात घेऊन सगळी माहिती तिच्यासमोर ठेवली पाहिजे, म्हणजे ती दुसरीकडून बाहेर येऊन अडचण होणार नाही. सप्टेंबरच्या त्या पहिल्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले असते तर पुढचे बरेच टळले असते, असाच याचा अर्थ.

कृष्णम्माचारींनी फेब्रुवारीतच राजीनामा दिला आणि नेहरूंनी तो जड मनाने स्वीकारला. न्यायाने हेही सांगायला हवे की मंत्र्यांनी स्वतःचे खिसे भरले असा ठपका आयोगाने ठेवला नाही. ते पुढे मंत्रिमंडळात परतले आणि पुन्हा अर्थमंत्रीही झाले. सेवेतून बाहेर पडलेले एच. एम. पटेल 1977 मध्ये अर्थमंत्री झाले. म्हणजे या प्रकरणात सगळे काळे आणि सगळे पांढरे असे काही नव्हते. एवढेच झाले की प्रश्न विचारला गेला आणि उत्तर द्यावेच लागले.

फिरोज गांधी तिथेच थांबले नाहीत. टाटांच्या टेल्को कंपनीकडून रेल्वे घेत असलेल्या इंजिनांच्या किमतीवरही त्यांनी सरकारला धारेवर धरले. स्वतः पारशी असून टाटांबद्दल बोलतो, याचे पारशी समाजात अनेकांना वाईट वाटले असणार. पण जावई असणे आड आले नाही, तर जात-जमात कशी येणार? 8 सप्टेंबर 1960 रोजी, अठ्ठेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर असताना, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

बातमीला संरक्षण

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे की मुंदडा प्रकरणापेक्षाही फिरोज गांधींचे एक शांत काम मोठे आहे. दालमियांवरील भाषणाच्या वेळी त्यांच्या लक्षात आले की सभागृहात खासदार काहीही बोलला तरी त्याच्यावर खटला होऊ शकत नाही, पण तेच शब्द छापणाऱ्या संपादकावर मात्र होऊ शकतो. इथे ब्रिटनमध्ये संसदेच्या कामकाजाचा प्रामाणिक वृत्तान्त छापणाऱ्या वर्तमानपत्राला 1868 सालच्या वॅसन विरुद्ध वॉल्टर या निकालाने संरक्षण मिळाले होते. भारतात तसा स्पष्ट कायदा नव्हता. फिरोज गांधींनी खासगी सदस्य म्हणून विधेयक आणले आणि 1956 मध्ये ते मंजूर झाले. स्वतंत्र भारतात आजवर खासगी सदस्यांची फक्त 14 विधेयके कायदा झाली आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व कळेल.

पुढच्याच वर्षी मुंदडांवर झालेले भाषण मुंबईच्या वर्तमानपत्रांनी निर्धास्तपणे छापले, ते याच कायद्याच्या आधारावर. ते छापले गेले म्हणून गिरगावच्या चाळीत वाचले गेले. दिल्लीत विचारलेला प्रश्न ज्याच्या पैशांबद्दल आहे त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, तर तो चार भिंतींतला शब्दविलास ठरतो.

याची उलट बाजूही आपण पाहिली. जून 1975 मध्ये आणीबाणी आली. जुलैमध्ये लोकसभा भरली ती फक्त सरकारी कामासाठी. प्रश्नोत्तराचा तास स्थगित केला गेला. मधू दंडवते, मधू लिमये यांच्यासारखे प्रश्न विचारणारे आपले मराठी खासदार तुरुंगात होते. लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा लिमयांनी निषेध म्हणून खासदारकीच सोडली. आणि 1975 च्या डिसेंबरात वटहुकूम काढून फिरोज गांधींचा तो कायदा रद्द करण्यात आला. पंतप्रधान होत्या इंदिरा गांधी. पतीने संसदेतून मिळवलेला कायदा पत्नीच्या सरकारने पुसून टाकला. माझा एक तरुण सहकारी तेव्हा स्टाफरूममध्ये हे मोठ्याने बोलला आणि आम्ही सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिले. मीही पाहिले. ते पाहणे मी अजून विसरले नाही.

1977 मध्ये सरकार बदलले आणि कायदा परत आला. पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 361-अ घालून हे संरक्षण राज्यघटनेतच नेऊन ठेवले. आता ते साध्या वटहुकुमाने काढता येत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये करोनाच्या साथीत संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना झाले, लेखी उत्तरे तेवढी दिली गेली. कारण साथीचे होते. तरीही इतका महत्त्वाचा तास किती सहज बाजूला ठेवता येतो, हे पाहून माझ्यासारख्या जुन्या माणसाला जरा थंडी वाजली.

पॉलिसी पिकली

अण्णांची पॉलिसीही त्याच 1977 साली पिकली. बोनससकट पैसे चेकने घरी आले. आजोबांच्या बुडालेल्या पावत्यांची ट्रंक उघडून अण्णांनी नवी कागदपत्रे त्याच्यावर ठेवली आणि काही न बोलता झाकण लावले. त्यातल्या काही पैशांतून माझ्या पीएचडीच्या प्रबंधाचे टंकलेखन आणि बांधणी झाली. आज मी जी काही आहे त्यात त्या हप्त्यांचा वाटा आहे आणि ते हप्ते सुरक्षित राहावेत म्हणून दिल्लीत उभ्या राहिलेल्या एका माणसाचाही आहे, असे मी मानते.

इथे वाढलेल्या मुलांसाठी एकच सांगते. तुम्ही ज्या मतदारसंघात राहता तिथला खासदार कुठल्याही पक्षाचा असो, तुमच्यासाठी तो मंत्र्याला लेखी प्रश्न विचारू शकतो. उत्तर छापील स्वरूपात कायमचे नोंदले जाते. ते कुणीही वाचू शकते. आपल्या मंडळातली बरीच मंडळी 'आपण बाहेरचे, आपण कशाला बोला' म्हणून गप्प राहतात. माझी पिढी तर फारच. पण इथे कर भरणारा माणूस बाहेरचा नसतो.

नातीचा ताप दोन दिवसांत उतरला. आठवडाभराने तिने आपल्या भागातल्या मुलांना दंतवैद्याकडे सरकारी यादीत जागा का मिळत नाही, असे विचारणारे पत्र इथल्या खासदाराला लिहिले. मला वाचायला दिले. शेवटचे वाक्य होते, "कृपया मंत्र्यांना विचारा आणि ते काय म्हणाले ते मला कळवा." मी तिला म्हटले, पत्रात एक पूरक प्रश्नही घाल. ती म्हणाली, "नको आजी, आधी त्यांचं उत्तर तर येऊ दे."

बरोबर आहे तिचे. पूरक प्रश्न उत्तर आल्यावरच विचारायचा असतो. आम्ही वाट पाहतो आहोत.